आजींची जागा ओळखणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी वडोदऱ्यात, दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात मी लॅपटॉप उघडला तेव्हा आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. नव्या दिवाणखान्याचं चित्र पडद्यावर आलं. त्यांनी चष्मा पदराने पुसला, पुढे वाकल्या, आणि झोपाळ्याच्या डाव्या हातावर लाख उडालेल्या त्या टिचभर जागेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "अगं, ही तर माझी जागा." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. त्यांचा मोठा मुलगा उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, "आण ते कागद. कुठे सही करायची?"

तुम्हाला तेव्हाच फोन लावला होता, पण रिंग जायच्या आत बंद केला. बोलता आलं नसतं मला. म्हणून लिहिते आहे. चार लोकांसमोर लिहिते आहे, कारण ज्यांनी मला आधी दारातून परत पाठवलं त्यांच्याही वाचनात हे यावं अशी माझी इच्छा आहे.

काय घडलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी थोडक्यात सांगते. वाडा पाडून तिथे नवं घर बांधायचं ठरलं. कागदोपत्री अर्धी मालकी आजींची. त्यांची अट एकच होती: संखेडा गावचा लाखेच्या नक्षीचा झोपाळा नव्या घरात कुठे आणि कसा दिसेल ते आधी दाखवा, मग सही करते. १९६८ साली लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेला झोपाळा तो. घरातल्या इतर कुठल्याही वस्तूबद्दल त्यांनी शब्द काढला नाही.

ज्या ऑफिसने आधी नवं घर संगणकावर दाखवायचं हे काम घेतलं होतं, त्यांनी पैसे पूर्ण घेतले आणि कुठला तरी तयार झोपाळा उतरवून मॉडेलमध्ये टांगला. तपकिरी, प्लॅस्टिकसारखा. त्याच्या बैठकीवरची फुलं जेवणाच्या ताटाएवढी होती. आजी एवढंच म्हणाल्या, "हा माझा नव्हे." मी ते त्या ऑफिसला सांगितलं, तर उत्तर मिळालं की ऐंशीच्या घरातल्या बाईला पडद्यावरचं काय कळणार, लाकूड आहे ना, मग झालं. काम माझ्याकडे आलं आणि ती फाइल मी माझ्या संगणकावर उघडली, तेव्हा तपकिरी रंगही गेला होता. नुसता राखाडी सांगाडा. रेव्हिटच्या, म्हणजे घराचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरच्या, फाइलमध्ये लाकडाचा फोटो नसतो, तो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता फक्त असतो, आणि तो फोटो त्यांच्या मशीनवरच राहिला होता. तो मागायला मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मला बसासुद्धा म्हटलं नाही.

त्यानंतर आणखी दोघांनी नकार दिला. एकाने सांगितलं, अशा जुन्या सामानावर वेळ घालवू नका, सोफा दाखवा.

आणि मग रावपुऱ्यात प्लॉट, म्हणजे नकाशाची मोठी छापील प्रत, काढायला तुमच्या दुकानात आले. मी काही विचारलंही नव्हतं. तुम्ही कागद गुंडाळता गुंडाळता त्या राखाडी झोपाळ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "संखेड्याचा दिसतोय. असा का केलाय त्याला?" कोणीतरी त्याला नावाने ओळखलं, एवढ्यानेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही बघितलं असेलच, पण काही न बोलता चहा सांगितलात.

त्या तीन रात्रींत तुम्ही जे शिकवलंत ते सगळं इथे लिहीत नाही. काही गोष्टी मात्र मनातून जात नाहीत. बाहेरून मॉडेलमध्ये आणलेला तो झोपाळा एकाच लेयरवर, म्हणजे एकाच थरात होता, म्हणून खांब, फळी, कड्या सगळ्यांना मिळून एकच मटेरियल, म्हणजे एकच रंगरूप लागत होतं. माझा आग्रह होता की त्यातच काहीतरी जमवू. तुम्ही म्हणालात, "खरादीचं काम आहे, खरादीसारखंच करू." मग खांबाची अर्धी कड काढलीत आणि ती अक्षाभोवती फिरवलीत. खरादावर, लाकूड कातायच्या त्या यंत्रावर, सागाचं लाकूड फिरतं तसा खांब माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. सागाच्या रेषा आडव्या पडल्या होत्या, त्या नव्वद अंशांत वळवून खांबाच्या उंचीला लावल्यात. "झाड उभं वाढतं ना," इतकंच म्हणालात.

स्वयंपाकघराच्या फळ्यांचा रंग बदलला की झोपाळाही बदलायचा, आणि मी दोन दिवस रडकुंडीला आले होते. मटेरियलची नक्कल केली तरी आतलं रूप दोघांचं एकच राहिलेलं होतं. त्या रूपाच्या नावाशेजारी हाताच्या चिन्हावर, ते सामायिक आहे हे सांगणारा आकडा तुम्ही दाखवलात आणि एका मिनिटात दोघांची वाटणी करून दिलीत. हे जाणणारे लोक मला आधीही भेटले होते, काका. ते सांगण्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

सोनेरी नक्षीच्या वेळी मी पिवळा रंग भरत बसले होते. तुम्ही म्हणालात, हळद फासल्यासारखं दिसेल, त्यात सोनं नाही आणि पिवळा रंगही नाही. मग सांगितलंत की संखेड्याचे खरादी नक्षी कलईने, म्हणजे कथलाने काढतात. ती चंदेरी असते, आणि तिच्यावर लाखेचा थर चढला की तीच सोन्यासारखी दिसू लागते. मी याच शहरात वाढले. संखेडा इथून पन्नासेक किलोमीटरवर, २०१३ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं. घराघरांत हे झोपाळे बघितले, तरी हे मला माहीत नव्हतं. "संगणकालाही तेच सांग. खाली धातू, वर लाखेची छटा." सांगितलं, आणि पडद्यावर ती नक्षी उजळली. त्या रात्री घरी जाताना मला लक्ष्मी विलास पॅलेसमधली रविवर्म्याची चित्रं आठवत होती. लहानपणी आई तिथे घेऊन जायची आणि म्हणायची, जरीच्या काठाजवळ जाऊन बघ, सोनं कुठेच नाही, नुसते रंग आहेत. ते मला त्या रात्री कळलं.

पण मला ज्यासाठी लिहायचं होतं ते हे नाही.

रविवारी तुम्ही दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर वाड्यावर आलात. लाखेचे फोटो काढायचे होते. फ्लॅश मारला तर पांढरा डाग येतो आणि फोटो शेजारी शेजारी लागला की तोच डाग दर वितीवर उमटतो, म्हणून आपण झोपाळा चौकात सावलीला आणला. तुम्ही खिशातला रुमाल काढून बैठक पुसलीत. देवघरातलं तबक पुसावं तशी पुसलीत. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. मी मोबाइल धरला होता, घाईत होते, उन्हं चढायच्या आत उरकायचं होतं. आणि तुम्ही थांबून त्यांना विचारलंत, "आजी, तुम्ही कुठल्या बाजूला बसता?"

त्या गोंधळल्या. मग म्हणाल्या, "डावीकडे. हे उजवीकडे बसायचे."

तुम्ही खाली बसलात आणि डाव्या हाताच्या टोकाला बोट लावलंत. तिथली लाख गेली होती, खालचा साग गुळगुळीत होऊन बाहेर आला होता. सत्तावन्न वर्षं एक तळवा तिथे टेकत होता. मी तर तेवढा भाग टाळून चांगल्या बाजूचा फोटो घेणार होते, तोच दोन्हीकडे लावणार होते. तुम्ही मला म्हणालात, "याचा वेगळा घे. आधी याचा घे."

या सगळ्या कामात तोवर आजींना कोणी काहीही विचारलं नव्हतं. त्या ऑफिसने नाही, त्यांच्या मुलांनी नाही, आणि काका, मीही नाही. झोपाळ्याची मापं घेतली होती, खोलीची घेतली होती. त्याच्यावर बसणाऱ्या बाईला सगळे सहीपुरतेच भेटत होते. तुमच्या त्या एका प्रश्नानंतर त्या पाऊण तास बोलत होत्या. वडील बैलगाडीतून तो स्वतः घेऊन आले होते, ओरसंग नदीच्या वाळूत चाक रुतलं होतं, पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. मुलं सांगत होती, हे आम्हीही कधी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री तुम्ही त्या हातावर तेवढीच जागा वेगळी करून तिला उघड्या सागाचं रूप दिलंत. पडद्यावर जेमतेम नखाएवढी दिसते. मी म्हटलं होतं, एवढं कोणाला दिसणार? तुम्ही उत्तर दिलं नाही. काल ज्यांना दिसायला हवं होतं त्यांना ते सगळ्यात आधी दिसलं.

आपल्या या कामात हल्ली चकचकीत दाखवायची फार घाई असते. प्रत्येक लाकूड नवं, प्रत्येक फरशी आरशासारखी. त्यात माणूस राहून गेल्याची खूण कुठे उरत नाही, आणि अशा चकचकीतालाच सुंदर म्हणायची आम्हाला सवय लागली आहे. आणि एक सांगते. या गावात सौजन्य संपलं असं मी गेले दोन महिने प्रत्येकाला सांगत फिरत होते. ते मी परत घेते. रावपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते रोज सकाळी नऊला शटर उघडून बसतं आणि एका प्लॉटचे जेवढे होतात तेवढेच पैसे घेतं. मी तीन रात्रींचे पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही फक्त चहाचे कापून घेतलेत. तेव्हा मी वाद घातला नाही, पण मी विसरलेले नाही.

तुमचा रुमाल माझ्याकडे राहिलाय. धुतला, पण लाखेचा लालसर डाग निघाला नाही.

आजींचा निरोप आहे. नव्या घरात झोपाळा टांगला की पहिल्या संध्याकाळी तुम्ही आणि काकूंनी यायचं आहे. पुरणपोळी त्या स्वतः करणार आहेत, सुनांना सांगून ठेवलंय. तुम्हाला उजवीकडे बसवणार म्हणाल्या.

तुमची,
प्लॉट काढायला आलेली