शनिवारचं बॅडमिंटन आणि नंतरचं जेवण

मंडळी, येत्या शनिवारी दुपारी 4 ला क्लबच्या हॉलमध्ये बॅडमिंटन, साडेसहाला मैदानाशेजारच्या नेहमीच्या गास्टहाउसमध्ये (जर्मन खाणावळीत) जेवण. किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळवा. मालकीणबाई श्पेट्झले (अंडं-मैद्याच्या मऊ, जाडसर शेवया) फळीवरून हाताने उकळत्या पाण्यात सोडतात, ऐनवेळी माणसं वाढली की कपाळाला आठ्या!

- डाग न पाडणाऱ्या तळव्याचेच बूट. गेल्या वेळचे काळे ओरखडे मी गुडघ्यांवर बसून पुसलेत.
- शाकाहारींनी केझेश्पेट्झले (चीज घातलेले श्पेट्झले) मागवावं. माउलटाशेनच्या (सारण भरलेल्या पिठाच्या पुड्यांच्या) पोटात बहुधा खिमा असतो. श्वाबियन (दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेन भागातलं) बटाट्याचं सॅलडही निरागस नाही, त्यात मांसाचं सूप घालतात.
- कार्ड चालत नाही, रोख आणा.
- 'श्टामटिश' (नेहमीच्या गिऱ्हाइकांचं राखीव टेबल) पाटीच्या टेबलावर बसू नका. ती गावच्या आजोबांची जागा.