आई, मोज्यांबद्दल मी खोटं बोलले

स्विंडन, 18 जानेवारी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, मागच्या मंगळवारी व्हिडिओवर तू विचारलंस, "घरात मोज्यांवर मोजे कशाला घातलेस गं?" मी म्हणाले, नवीन आहेत, घालून बघतेय. ते खोटं होतं. खालच्या मजल्यावर जमीनच आतून तापवायची सोय आहे, ती बिघडून जमीन दोन दिवस गार पडली होती आणि बाहेर उणे 4 होतं. पौषात पहाटे आपल्या शहाबादीवर अनवाणी उभं राहावं, तसं दिवसभर. तेव्हाच सांगितलं असतं तर तू रात्रभर जागली असतीस आणि बाबांनी पहाटे फोन करून "आधी हवा धरलीय का बघ" म्हटलं असतं. वरच्या मजल्यावर रेडिएटर आहेत, ते चालू होते. आरोही तुझ्या वाकळेत मजेत झोपत होती. आता सगळं ठीक आहे, म्हणून लिहितेय. पुढचं बरंचसं बाबांसाठी आहे, तुला कंटाळा आला तर एकदम शेवट वाच.

बाबा, तुम्ही इथे आलात ते उन्हाळ्यात, त्यामुळे हे हीटिंग तुम्ही चालू पाहिलंच नाही. बाथला रोमन लोकांचं स्नानगृह बघितलं होतं ना आपण? विटांचे बुटके खांब, त्यांवर फरशी, आणि त्या पोकळीतून भट्टीची गरम हवा फिरायची. तुम्ही तिथून हलायला तयार नव्हता. आमच्याकडे हवेऐवजी पाणी. कोब्यात 16 मिलिमीटरच्या प्लास्टिक नळ्या नागमोडी पुरल्यात, त्यांची चार वेटोळी. बॉयलरचं पाणी 65 अंशांचं, ते तसंच सोडून चालत नाही. म्हणून एक व्हॉल्व्ह त्यात परतीचं गार पाणी मिसळून ते 40 च्या आसपास आणतो. आणि ते चारही वेटोळ्यांत फिरवायला जिन्याखालच्या कपाटात एक पंप, नारळाएवढा.

किर्लोस्करवाडीला जन्मभर पंप जोडलेल्या माणसाला मी पंप समजावून सांगतेय, हसू नका. पण हा तुमच्या ओळखीचा नाही. शाफ्टभोवती गळती अडवायला याला ग्लँड नाही, पॅकिंगची दोरी नाही. मोटरचा फिरणारा भाग, रोटर, पाण्यात बुडूनच फिरतो. मधे स्टेनलेस स्टीलचा पातळ डबा, त्याच्या बाहेर वाइंडिंग कोरडं. फिरणारं पाणी हेच बेअरिंगचं वंगण, म्हणून शाफ्ट आडवाच बसवायचा, उभा बसवला तर वरचं बेअरिंग कोरडं पडतं. हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, किती, तर 6 मीटर. तुम्ही म्हणणार, एवढ्यात आपल्या विहिरीचं पाणी काठापर्यंतही यायचं नाही. पण इथे पाणी चढवायचंच नाही. बंद फेरा आहे, जेवढं वर जातं तेवढंच खाली येतं, पंपाला फक्त नळ्यांचं घर्षण हरवायचं असतं.

मी काय केलं ते क्रमाने सांगते, कारण तुम्ही क्रमच विचारणार. आधी थर्मोस्टॅटचे सेल बदलले. तो नीट हाक देत होता, कपाटातल्या पेटीत दिवेही लागत होते. मग प्रत्येक वेटोळ्यावरची काचेची नळी बघितली, तिच्यात मिनिटाला किती लिटर पाणी जातंय ते दिसतं. चारही शून्यावर. एकच शून्यावर असती तर त्या खोलीच्या व्हॉल्व्हवर संशय घेतला असता. चारही म्हणजे चौघांचं सामाईक काहीतरी. बॉयलरकडून येणारा पाइप हाताला सोसवत नव्हता, पंपाच्या पुढचा गार. मीटर लावला, पंपाला 230 व्होल्ट पोचत होते. मग तुमची युक्ती केली: स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपावर, मूठ कानाला. फिरण्याचा आवाज नाही, नुसती भुणभुण. वीज येतेय, रोटर हलत नाही.

इथे मी एक चूक केली. कानाने सांगितलेलं सोडून तुमचं "हवा धरलीय"च डोक्यात घेऊन बसले. हवा काढायला गेले, प्रेशर सव्वा बारवरून (तुमच्या भाषेत सव्वा किलो) पाऊण बारवर आलं, ते पुन्हा नळाचं पाणी भरून वर आणलं. पंप जिथल्या तिथे.

मग वीज बंद करून पंपाच्या तोंडावरचा मोठा स्क्रू सैल केला. चहाच्या गाळासारखं काळं पाणी आलं. आत शाफ्टच्या टोकाला खाच असते, तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवलं. पहिल्यांदा ढिम्म, मग 'कच' करून सुटला. चालू केल्यावर काचेच्या नळ्यांतल्या काट्यांनी उडीच मारली. मी मंदारला जर्मनीला फोन करून फुशारकीही मारली. दोन तासांनी पुन्हा बंद.

त्या काळ्या पाण्यात आरोहीने तिच्या फ्रिजवरचं चुंबक धरलं, तर त्याला दाढी फुटली. मॅग्नेटाइट. रेडिएटरच्या लोखंडाचा गंज. बंद फेऱ्यातलं पाणी एकदा भरलं की त्यातला ऑक्सिजन संपतो आणि गंजणं थांबतं. पण वरच्या रेडिएटरचा एक व्हॉल्व्ह वर्षभर थेंबथेंब गळत होता, आम्ही त्याखाली वाटी ठेवून दर महिन्याला नवीन पाणी भरत होतो. म्हणजे महिन्याला ताजा ऑक्सिजन. तुम्ही असतात तर त्या वाटीवरूनच बोलणी खाल्ली असती.

नवीन पंप शंभरावर पौंडांना पडला. जुना 2011 चा, तीन वेगांचा, जोरात लावला तर 90 वॅट खाणारा. युरोपात 2013 पासून असल्या पंपांच्या विजेवर नियम कडक झाले, त्यामुळे तसा आता मिळत नाही. नवीन स्वतःच वेग कमी-जास्त करतो, गरज नसेल तेव्हा काही वॅटांवर येतो. लांबीचं माप तेवढं बघून घ्यायचं, आमचा 130 मिलिमीटरचा, इथल्या घरांत बहुधा तोच असतो, पण 180 चेही मिळतात. आट्यांचे नट काढायला मोठा पाना हवा होता, तो शेजारच्या काकांकडून आणला. ते गोव्याचे, इथे गोंयकार पुष्कळ आहेत. पाना देताना म्हणाले, "व्हर, पूण परत हाड."

दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद, खाली बादली, वॉशर नवीन. पंपावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण मी उलटा धरला होता, नट आवळताना लक्षात आलं. ते मी मंदारला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. नंतर एकेक वेटोळं उघडून हवा काढली. आरोही कपाटात मांडी घालून ओरडत होती, "आई, दोन! आई, दीड!" कोबा तापायला मात्र वेळ लागतो. संध्याकाळी चालू केलेला, पहाटे साडेचारला पाणी प्यायला उतरले तेव्हा पाय आपोआप थांबले. तिथेच जमिनीवर बसून राहिले थोडा वेळ.

बॉयलरच्या झाकणाला मी हात लावला नाही. इथे गॅसचं काम फक्त नोंदणी असलेल्याने करायचं, असा कायदा आहे. असा एक माणूस बोलावून घेतला. त्याने पाणी धुऊन काढलं, गंजरोधक टाकलं, चुंबकाचा फिल्टर बसवला आणि तो गळका व्हॉल्व्ह दहा मिनिटांत बदलला. वाटी आता पुन्हा आमटीला.

बाबा, आता विहिरीचं. दादा सांगत होता, पाइपच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह काढायला तुम्ही परवा पुन्हा खाली उतरलात, एकटेच. पंपाचं काम तुमच्याएवढं गावात कुणाला कळत नाही, कबूल. पण काठावर खुर्ची टाकून सांगा आणि वायरमनच्या पोराला उतरू दे. मी बॉयलर सोडला, तुम्ही त्या शेवाळलेल्या खालच्या दहा पायऱ्या सोडा. आई, हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव.

जुना पंप मी टाकलेला नाही. मेमध्ये येताना बॅगेत घालून आणते, ओसरीवर उघडून बघू आत काय झालंय ते. त्याचं वजन अडीच किलो आहे. आई, तेवढं तुझ्या यादीतून कमी करावं लागेल. काय कमी करायचं ते तूच कळव.

तुमची,
शुभदा