चक्र आठ सेकंदांत थांबेल

महोदय,

'वीज-डिझेलविना चालणारा जनरेटर' ही आपल्या दैनिकातील गुरुवारची बातमी वाचली. बॅटरीने एकदा फ्लायव्हील (जड चक्र) फिरवले की पुढे ते स्वतःच फिरत राहते, वर पाच एचपीचा पंपही ओढते, असे तीत म्हटले आहे. हा दावा जसाच्या तसा छापायला नको होता.

मी उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत २२ वर्षे लेथवर आहे. फ्लायव्हील ऊर्जा साठवते, निर्माण करत नाही. हिशेबच मांडू. ५० किलोचे, दोन फूट व्यासाचे भरीव चक्र मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर त्यात सुमारे २९ हजार ज्यूल ऊर्जा असते. पाच एचपीला दर सेकंदाला ३,७३० ज्यूल लागतात. म्हणजे पंप जेमतेम आठ सेकंद चालेल. बेअरिंगचे घर्षण, मोटारीचे तापणे यात धरलेलेच नाही! तेवढ्यात पाटात पाणी तरी दिसेल का?

पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असल्या यंत्रांचे दावे तपासणे १७७५ सालीच बंद केले. आपण निदान तपासून तरी पाहू. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावातच आहे. तिथे बॅटरी काढून, मीटर लावून हे यंत्र आठवडाभर चालवावे. छायाचित्रात टेबलामागे जाणारी काळी वायर दिसते, तीही आधी काढावी.

रात्री-अपरात्री थ्री फेजची वाट पाहणारा शेतकरी उसाच्या बिलातून या यंत्राच्या बुकिंगचे पैसे भरण्याआधी हे व्हावे.

– एक लेथ कामगार, अनगोळ, बेळगाव