बेळगावच्या दवाखान्यातल्या कौन्सिलर अक्कांना थँक्यू

अक्का नमस्कार, नाव कुणाचंच घालत नाही, खानापूरकडची, सासूला सोबत घेऊन आलेली म्हटलं की तुम्ही ओळखालच.

मालक गोव्याला गाडीवर असतात. सुट्टीला आले ते लघवीला जळजळ घेऊनच, आम्ही म्हटलं उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी काय, सब्जा काय, मेडिकलातल्या गोळ्या पण झाल्या, फरक शून्य. मग रिपोर्टात क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातून एकमेकांना लागणारा जंतू, निघाला आणि तुम्ही मला पण बोलावून घेतलं. मला तर काहीच होत नव्हतं, ना दुखणं ना पांढरं जाणं, मी कशाला येऊ म्हणून रागातच आले होते.

तुम्ही आधी सासूबाईंना चहाला पाठवलंत, "आजी, पेशंटचं पेशंटलाच सांगतो आम्ही." मग दोघांना समोर बसवून सांगितलंत की बायकांना बहुतेक वेळा काही जाणवतच नाही, हा जंतू महिनोन्‌महिने गुपचूप राहतो, त्यामुळे कुणाकडून कुणाला आला हे रिपोर्ट सांगत नाही, पण एकानंच औषध घेतलं तर दुसऱ्याकडून परत येणार. अन् तसाच ठेवला तर वर गर्भनळीपर्यंत जातो, नळ्या बंद होऊ शकतात. आम्हाला दुसरं मूल पाहिजे, ते ऐकून हातपाय गारच पडले.

भांडण झालंच की ओ, नाही कशाला म्हणू. पण दोघांचा कोर्स संपल्यावर!

डॉक्सीची (डॉक्सीसायक्लिन, जंतू मारायचं औषध) १०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ ७ दिवस, जेवून, ग्लासभर पाण्यासोबत, घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर नको, रक्तवाढीच्या गोळीत अंतर ठेवायचं आणि तोपर्यंत जवळ यायचं नाही, सगळं केसपेपरच्या मागं लिहून दिलंत. पाळी कधी आली ते आधी विचारलंत, दिवस असते तर डॉक्टर वेगळी गोळी देणार होते म्हणे. एचआयव्ही, व्हीडीआरएल (गरमी म्हणजे सिफिलिसची तपासणी) पण त्याच दिवशी उरकून घेतलंत, आणि बरं वाटलं तरी ३ महिन्यांनी परत तपासायचं म्हणून बजावलंत. तपासलं अक्का, दोघांचं निगेटिव्ह आलं.

आता आमच्या वहिनीचं तसंच आहे, तिला गोळ्या दिल्यात, दादा म्हणतोय मला काय झालंय. मंगळवारी दोघांना घेऊन येते, तुम्ही ड्यूटीवर असलात तर त्याला पण तसंच समोर बसवा.