नाना, आई, मी रत्नागिरीलाच राहते आहे

ती. नाना आणि आईस,
सा. न.

फोनवर आईचा आवाज भरून आला की मला पुढे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. इथल्या तारामासे मोजण्याच्या कामाला मी होकार कळवला. आणखी तीन वर्षं. जळगावच्या कॉलेजला नकारही कळवून झाला. पगार तिथल्यापेक्षा कमी नाही, खोली कोरडी आहे, रात्री दार लावलं का म्हणून शेजारच्या काकू विचारतात. ज्वारीचं पीठ मिळतं; कळण्याचं तेवढं तुम्ही पाठवलेलं पुरवून खाते.

नाना, तारामासे मोजून काय होतं, असं तुम्ही विचारलंत. अमेरिकेत पेन नावाच्या शास्त्रज्ञांनी १९६३ पासून खडकाळ किनाऱ्याच्या एका पट्ट्यातले तारामासे काढून टाकले. खाणारं कुणी उरलं नाही, तसे शिंपले इतके माजले की बाकीच्या जिवांना खडकावर जागाच राहिली नाही. पुढे २०१३ मध्ये तिकडे रोग आला. तारामाशांचे बाहू गळून पडत, अंगाचा लगदा होई. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत पसरला, आणि पाणी तापलं तिथे जास्त घात झाला. त्यामागचा जिवाणू सापडायला २०२५ उजाडलं. केळीवर सीएमव्ही रोग आला तेव्हा तुम्ही पहाटे उठून एकेक पान उलटून पाहायचात. माझं काम तेच, फक्त कातळावर.

इथे ओहोटीला लोक डबक्यातला तारामासा उचलतात, हातावर ठेवून फोटो काढतात. तो पाण्यातलाच प्राणवायू घेतो. तेवढा वेळ त्याचा जीव घुसमटतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. दगड उलटून तसेच टाकतात, खालचं सगळं उन्हात मरतं. शिवाय उन्हाने डबकी तापतात, पावसाचं गोडं पाणी शिरलं की अंगातल्या मिठाचा तोल तारामाशाला राखता येत नाही. यातलं माणसाने किती केलं आणि ऋतूने किती, हे एका वर्षात कळत नाही. तोच कातळ काही पावसाळे-उन्हाळे पाहावा लागतो. म्हणून तीन वर्षं, आई. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नाही गं.

चांगदेवला संगमावर मी ओंजळीत मासोळी धरली होती. तू म्हणालीस, "सोड वं, तिची माय वाट पाहत असेल." मी सोडून तुझ्या पदराला हात पुसले होते. अजून तुझ्या पदराचा वास आठवला की झोप लागते.

आता ऐका. नाना, बीपीची गोळी सकाळीच, चहाच्या आधी आठवण ठेवून. उन्हं चढल्यावर मळ्यात जायचं नाही, पाणी सोडायला तात्या आहे. आई, बिबडे घालायला गच्चीवर चढायचं नाही म्हणजे नाही; गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. आत्याच्या वेळी झालं तसं मी होऊ देणार नाही. काही दुखलं तर लपवू नका, मी रात्रीच्या गाडीने निघेन.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आजच पाठवा. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीचं काम उरकलं की निघते, आखाजीला घरी असेन. रजा मंजूर झाली आहे.

तुमची,
बेबी