बांगड्या भरलेले हात

भिवंडी, शुक्रवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "बायकांच्या हातांवर कॅमेरे लावतेस, ही पाळतच ना?" मला राग आला आणि मी विषय बदलला. म्हणून आता लिहिते.

आमचं गोदाम म्हणजे तुमचं दुकानच, फक्त अवाढव्य. यादी आली की कप्प्याकप्प्यांतून माल काढायचा. निम्मा वेळ चालण्यातच जातो. आपल्याकडचा तो पोऱ्या आठवतो? अक्षरओळख नव्हती, पण पुड्याच्या रंगावरून नेमकी हळद काढून आणायचा. कॅमेऱ्याला आम्ही तेच शिकवलं. हात कोणत्या कप्प्यात गेला, बाहेर काय आलं ते तो बघतो; चुकलं की ट्रॉलीवर लाल दिवा. आधी कानात हिंदी सूचना यायच्या. ओडिशाची मुलं गोंधळायची, आणि तिघं तर कर्णबधिर आहेत. दिवा सगळ्यांना कळतो.

पण आई, श्रावणात फजिती झाली. हिरवा चुडा, मेंदी लावून बायका आल्या आणि कॅमेऱ्याला त्यांचे हातच ओळखू येईनात. सारखा लाल दिवा. सुपरवायझर म्हणाला, उद्यापासून बांगड्या काढून या. नुकतं लग्न झालेली एक पोर रडकुंडीला आली.

चूक माझी होती. शिकवायला घेतलेले व्हिडिओ ऑफिसातल्या चार मुलांच्या हातांचे होते. आणि गंमत म्हणजे मी हे परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत! 2018 मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष ते सांगणारे तीन प्रोग्रॅम तपासले. गोऱ्या पुरुषांत चूक फार तर 0.8 टक्के, सावळ्या बायकांत 34.7 टक्क्यांपर्यंत.

दोन रात्री बसून नवे व्हिडिओ घेतले: चुड्याचे, मेंदीचे, हातमोज्यांचे. पूर्वी पॉवरलूमवर असलेल्या एका काकांचं बोट अर्धं आहे, त्यांचेही. आता बांगड्या घालून काम चालतं.

आता पाळतीचं. नाही म्हणणार नाही. कोण कुठे किती सेकंद थांबलं हेही त्याच चित्रांतून निघतं आणि वरच्यांनी ते नावानिशी मागितलंय. मी सध्या फक्त कप्प्यांचा हिशेब दिला, माणसांचा नाही. सेल लागला की पुन्हा मागतील. तेव्हा काय सांगू, बाबा? पोऱ्या दुपारी पोत्यावर टेकला की तुम्ही मुद्दाम वहीत डोकं घालून बसायचात, हे मी लहानपणी बघितलंय.

सेलमुळे दसऱ्याला येणं जमणार नाही. आई, गुडघ्याचं तेल पाठवलंय, लाव.

तुमची,
सुमा