हाडांची गोळी : ‘अनशापोटी’ एवढे लिहून भागत नाही

संपादक महोदय,

हाडे ठिसूळ होण्याविषयी आरोग्य पुरवण्यांमध्ये हल्ली बरेच छापून येते. कॅल्शियम घ्या, उन्हात बसा, चालत राहा आणि शेवटी ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध सुरू करावे’. लेख इथे संपतो आणि घोटाळे इथून पुढे सुरू होतात. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘आठवड्यातून एक, सकाळी अनशापोटी’. घरात थायरॉइडची गोळी आधीच अनशापोटी असते, पित्ताचीही अनशापोटी, त्यात आता ही तिसरी. मग तिन्ही तळहातावर घेऊन दोन घोट पाण्याबरोबर एकदम गिळल्या जातात. सूचना तर पाळली, मग चुकले कुठे?

चुकते ते त्या एका शब्दात न मावलेल्या गोष्टींमध्ये. ऑस्टिओपोरोसिसवर, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या रोगावर, नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या म्हणजे अलेंड्रोनेट, रायसेड्रोनेट आणि आयबँड्रोनेट. तिन्ही बिसफॉस्फोनेट गटातल्या. हाड पोखरणाऱ्या पेशींचे काम त्या मंद करतात. या औषधाची कॅल्शियमवर जबर पकड असते आणि त्या पकडीमुळेच ते रक्तातून नेमके हाडात जाऊन बसते. पण आतड्यात दुधातले कॅल्शियम भेटले, तर ते तिथेच त्याला चिकटते आणि शौचावाटे निघून जाते. अँटासिडमधले (पित्ताच्या पातळ औषधातले) अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम आणि लोहाची गोळी यांच्याशीही तसेच होते.

मुळात हे औषध अंगी लागते किती? रात्रभर पोट रिकामे ठेवून, नाश्त्याच्या दोन तास आधी अलेंड्रोनेट घेतले, तरी रक्तात उतरते ते जेमतेम ०.६ ते ०.७ टक्के. म्हणजे ७० मिलिग्रॅमच्या गोळीतले अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतली, तर त्यातलेही सुमारे ४० टक्के कमी होते. तरीही औषधाचा गुण येतो, कारण मात्रा तो हिशेब धरूनच ठरवलेली आहे. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर सुमारे ६० टक्के घट. नाश्त्याबरोबर किंवा त्यानंतर दोन तासांच्या आत घेतली, तर जवळजवळ काहीच मिळत नाही. वर्षभर नेमाने गोळी घेऊनही हाडांची घनता हललेली नसते, तेव्हा औषध बदलण्याआधी ‘गोळी कशाबरोबर घेता?’ हा प्रश्न विचारायला हवा. तो फारसा विचारला जात नाही.

आता घेण्याची रीत. सकाळी उठल्यावर, अंथरुणातून बाहेर आल्यावर, बसून किंवा उभ्याने गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, कुटायची नाही, चघळायची तर मुळीच नाही. तोंडात आणि घशात व्रण होतात. वर पूर्ण पेलाभर साधे पाणी, म्हणजे १८० ते २४० मिलिलिटर. चहा, दूध, लिंबूपाणी चालत नाही. खनिजयुक्त ‘मिनरल वॉटर’ही नको, कारण त्यात कॅल्शियम असू शकते. मग किमान अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही (साधे पाणी चालते), दुसरे औषध घ्यायचे नाही आणि आडवे व्हायचे नाही. आयबँड्रोनेटच्या महिन्यातून एकदा घ्यायच्या १५० मिलिग्रॅमच्या गोळीला हाच अवधी एक तासाचा आहे. अर्धा तास झाला तरी पोटात काही जाईपर्यंत अंग टेकायचे नाही, ही अट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते. पहाटे पाचला गोळी घेऊन पुन्हा तासभर झोपणारे यातच सापडतात.

एवढा जाच कशासाठी? कारण ही गोळी अन्ननलिकेच्या अस्तराला थेट भाजून काढू शकते. दोन घोट पाण्यावर गिळलेली गोळी छातीच्या मध्यावर कुठेतरी अडकते, तिथेच विरघळते आणि तिथेच व्रण करते. वय वाढले की अन्ननलिकेची पुढे ढकलण्याची ताकद कमी होते आणि तोंडही कोरडे पडते, म्हणून हे म्हाताऱ्या माणसांत अधिक. आडवे झाले की पोटात गेलेले औषध आम्लासकट पुन्हा वर येते. अलेंड्रोनेट १९९५ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि पुढच्याच वर्षी अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. पेलाभर पाणी आणि ताठ बसणे यांवर इतका भर दिला जातो तो या अनुभवामुळेच. वाकून करायची कामे, जड उचलणे, डोके खाली येणारी आसने त्या अर्ध्या तासात टाळलेलीच बरी. फिरायला जा, आंघोळ उरका, पेपर वाचा.

आम्हाला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट पुढची. गोळी सुरू झाल्यावर छातीत जळजळ होऊ लागली, घास उतरताना दुखू लागले, की घरात निदान तयार असते: ‘पित्त झालंय.’ मग पित्ताचे पातळ औषध आणले जाते आणि हाडांची गोळीही चालूच राहते. यात दुहेरी नुकसान आहे. अँटासिड गोळीच्या जोडीने घेतले गेले तर गोळीचे काम बुडते, आणि अन्ननलिकेचा व्रण मात्र दर आठवड्याला नव्याने उकरला जातो. हे औषध सुरू असताना नव्याने आलेली किंवा वाढलेली जळजळ, गिळताना त्रास, छातीच्या हाडामागे दुखणे, यांना पित्त म्हणून सोडून देऊ नये. पुढची गोळी थांबवावी आणि डॉक्टरांना कळवावे. शौच काळी झाली किंवा रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सोबत ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रोज चालू असतील, तर पोटाचा धोका आणखी वाढतो. त्या घेत असल्याचे आधीच सांगावे.

थायरॉइडच्या गोळीचे काय करायचे, हा प्रश्न हमखास येतो. दोन्ही एकत्र नकोत. आठवड्यातल्या त्या एका सकाळी आधी हाडांची गोळी, अर्ध्या तासाने थायरॉइडची, त्यानंतर पुन्हा थांबून नाश्ता, असा क्रम बसवता येतो. आपल्या डॉक्टरांकडून तो एकदा पक्का करून घ्यावा. पित्ताची कॅप्सूलही त्या अर्ध्या तासानंतरच. कॅल्शियम तर सकाळी नकोच. दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यावे, म्हणजे त्याची हाडांच्या गोळीशी गाठ पडण्याचा प्रश्नच उरत नाही. कॅल्शियम कार्बोनेट अन्नाबरोबरच चांगले शोषले जाते, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या आसपासच घेतलेले बरे. मात्र वेष्टनावरचा आकडा नीट वाचावा : १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते.

या सगळ्याला अपवादही आहेत. रायसेड्रोनेटचा एक प्रकार असा आहे की आतड्यात गेल्यावरच विरघळतो आणि तो नाश्ता झाल्यावर लगेच घ्यायचा असतो. अलेंड्रोनेटची फसफसून विरघळणारी गोळी मिळते. ती अर्धा पेला साध्या पाण्यात टाकून, फसफस थांबल्यावर आणखी पाच मिनिटे थांबून, ढवळून प्यायची. तिच्यात सोडियम बरेच असते, तेव्हा मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी जपून. म्हणून शेजारणीची रीत आपल्या गोळीला लावू नये. आपल्या पाकिटातला कागद वाचावा.

आठवड्याची गोळी रोज घेतली जाणे, ही चूक आपल्याला वाटते तितकी दुर्मीळ नाही. अलेंड्रोनेट रोज १० मिलिग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम, असे दोन्ही प्रकारे येते. रायसेड्रोनेट आठवड्याला ३५ किंवा महिन्याला १५० मिलिग्रॅम. व्यापारी नावे निराळी, आतले औषध एकच. डॉक्टर बदलले, दुकान बदलले, की एकाच गटातल्या दोन गोळ्या घरात येतात. कधी याच गटातल्या औषधाचे वर्षातून एकदाचे सलाईन घेतलेले असते आणि जुनी गोळीही थांबवलेली नसते. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एक’ असे न लिहिता ‘दर रविवारी एक’ असे वारासह लिहिले, आणि दुकानदाराने स्ट्रिपवर प्रत्येक गोळीशेजारी पेनाने तारीख घातली, तर यातले बरेच टळेल. चार गोळ्यांना चार तारखा; मिनिटभराचे काम आहे.

ठरलेला वार चुकला तर आठवण झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्यावी आणि पुढची पुन्हा मूळ वारी. एका दिवशी दोन कधीही नाहीत. आयबँड्रोनेटची मासिक गोळी चुकली आणि पुढची तारीख सात दिवसांच्या आत आली असेल, तर मधे घेऊ नये, सरळ त्या तारखेलाच घ्यावी. चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या तर उलटी काढायची नाही, कारण परत वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. ताठ बसावे, दूध प्यावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. एरवी वर्ज्य असलेले दूध इथे उपयोगी पडते, कारण ते औषधाला पोटातच बांधून ठेवते.

ही गोळी सगळ्यांसाठी नाही. अन्ननलिका आक्रसलेली किंवा अन्न पुढे सरकायला अडचण असेल, अर्धा तास ताठ बसणे-उभे राहणे जमत नसेल, रक्तातले कॅल्शियम कमी असेल, तर ती देत नाहीत. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आधी भरून काढायची असते. मूत्रपिंडाच्या बाबतीत फसगत सर्वाधिक होते. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे रक्तातून किती वेगाने काढतात तो आकडा, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर अलेंड्रोनेटची शिफारस नाही. रायसेड्रोनेट आणि आयबँड्रोनेटसाठी ती मर्यादा ३० आहे. अहवालात मात्र नुसता क्रिएटिनिन छापलेला असतो. समजा ८० वर्षांची, ४५ किलो वजनाची स्त्री आहे आणि क्रिएटिनिन १.० आहे. कागदावर ‘नॉर्मल’. आता हिशेब करा : १४० वजा वय, म्हणजे ६०, गुणिले वजन ४५, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर सुमारे ३२ येते. हाडे ठिसूळ होण्याचा धोका जिला सर्वाधिक, त्या कृश वृद्धेच्या बाबतीतच ‘नॉर्मल’ हा शब्द सर्वांत फसवा ठरतो.

जबड्याचे हाड कुजते, मांडीचे हाड मोडते, अशा मजकुरांनी घाबरून गोळ्या कचऱ्यात टाकणारेही आहेत. दोन्ही परिणाम खरे आहेत, पण विरळ. जबड्याचा प्रकार मुख्यतः कर्करोगात शिरेतून मोठ्या मात्रा दिल्या जातात तेव्हा दिसतो. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत तो फार क्वचित. तेव्हा दाढ काढायची असेल किंवा इम्प्लांट बसवायचे असेल, तर शक्यतो औषध सुरू करण्याआधी उरकावे, आणि नंतर दंतवैद्याकडे गेल्यास गोळीचे नाव न विसरता सांगावे. मांडीच्या हाडाचा धोका जितकी वर्षे औषध घ्याल तितका वाढतो आणि तो बहुधा आधी सूचना देतो : मांडीत किंवा जांघेत कित्येक आठवडे ठसठसणारे दुखणे. त्याला संधिवात समजून तेल चोळत बसू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी, तीही दोन्ही मांड्यांची.

औषध कायमचेही नाही. गोळ्यांना साधारण पाच वर्षे आणि वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडच्या ५ मिलिग्रॅमच्या सलाईनला तीन वर्षे झाली, की पुढे चालू ठेवायचे की काही काळ थांबायचे याचा विचार डॉक्टरांबरोबर करायचा असतो. मणके आधीच खचलेले असतील तर उत्तर बहुधा ‘चालू ठेवा’ असे येते. थांबणे परवडते, कारण हे औषध हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते.

नेमका इथेच आणखी एक गैरसमज होतो. सहा महिन्यांनी एकदा त्वचेखाली घ्यायचे डेनोसुमॅबचे ६० मिलिग्रॅमचे इंजेक्शन ‘त्याच रोगाचे’ म्हणून त्यालाही सुट्टी दिली जाते. हे औषध हाडात मुरत नाही. त्याचा अंमल संपला की हाड पोखरणाऱ्या दबलेल्या पेशी जोमाने कामाला लागतात आणि काही रुग्णांचे एकापाठोपाठ अनेक मणके खचतात. हे इंजेक्शन बंद करायचे असेल तर त्याच्या जागी दुसरे औषध ठरवूनच करावे लागते. त्यामुळे इंजेक्शन घेतल्या दिवशीच सहा महिन्यांनंतरची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि गावाला जायचे झाले तर परतायचे त्या तारखेच्या आत.

आपले विश्वासू,
रुग्णांना औषधे समजावून देण्याचे काम करणारे काही फार्मासिस्ट